रात्रभर जागणारा कॅमेरा

डिसेंबर 2023 मधली गोष्ट. फजरची नमाज झाली होती आणि मी चहाचे आधण ठेवत होते. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. अकरावीतला माझा मुलगा गच्चीवरून खाली आला. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला जुना कॅमेरा होता आणि चेहऱ्यावर निकाल लागल्यासारखा आनंद.

"अम्मी, सहाशे बारा!"

"काय सहाशे बारा?"

"फोटो. एकही चुकला नाही."

मी चिडलेच. दुसऱ्या दिवशी त्याची चाचणी होती. "म्हणजे रात्रभर जागलास तू?"

"मी कुठे जागलो? मी दहाला झोपलो. कॅमेरा जागला."

त्या सकाळी मला हे उत्तर पळवाट वाटले. पण ते खरे होते. बोर्ली पंचतनमधल्या आमच्या गच्चीवर कोणी नसताना तो कॅमेरा स्वतःच फोटो काढत होता, मोजत होता आणि काम संपल्यावर स्वतःच थांबला होता. हे कसे घडले, त्यात पैसे किती लागले आणि त्यातून आमच्या घराला काय मिळाले, हे सांगावे म्हणून हा लेख. तुमच्याही घरात कपाटाच्या मागच्या कप्प्यात असा एखादा कॅमेरा पडून असेल, म्हणूनही.

कपाटातला कॅमेरा

आमचा कॅमेरा कॅनन पॉवरशॉट ए-570 आयएस. हे मॉडेल 2007 साली बाजारात आले. त्याच वर्षी मुलगा झाला आणि त्याच्या अकीक्यासाठी यांनी कुवेतहून तो आणला. मुलाचा पहिला फोटो त्याच कॅमेऱ्यातला आहे. पुढे मोबाइल आले आणि कॅमेरा कपाटात गेला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा गच्चीवरची पत्र्याची शेड उडून गेली, कागदपत्रे भिजली, पण लोखंडी कपाटातला कॅमेरा वाचला. शेड आम्ही परत बांधली नाही. त्यामुळे गच्ची आकाशाला मोकळी झाली.

मुलाला आकाशाचे वेड तेव्हापासूनचे. त्याला मोठा कॅमेरा हवा होता. चांगला कॅमेरा, लेन्स आणि ट्रायपॉड यांचा हिशेब त्याने अब्बांना फोनवर वाचून दाखवला. यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "बेटा, माझ्या दोन महिन्यांच्या पगाराची वस्तू आहे. आधी घरातल्या कॅमेऱ्याने काय होते ते बघ." मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने कपाट उघडले.

त्या कॅमेऱ्याच्या अडचणी तीन. रात्रीच्या आकाशात उजेड फार कमी, म्हणून फोटो काढताना शटर बराच वेळ उघडे राहावे लागते, आणि या कॅमेऱ्याचे शटर जास्तीत जास्त 15 सेकंद उघडे राहते. दुसरे, एका फोटोने काम भागत नाही, शेकडो फोटो एकामागून एक लागतात. दर वेळी बटण दाबायला माणूस हवा, आणि बोटाच्या धक्क्याने फोटो हलतो. तिसरे, लांब फोटो काढल्यावर हा कॅमेरा आपणहून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो काढतो आणि त्यातले दोष मूळ फोटोतून वजा करतो. एका फोटोला ते ठीक. पण तारे तोपर्यंत पुढे सरकलेले असतात.

उपाय पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने सांगितला. कॅननच्या जुन्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांसाठी जगभरच्या हौशी लोकांनी मिळून एक मोफत प्रणाली तयार केली आहे. तिचे नाव कॅनन हॅक डेव्हलपमेंट किट, थोडक्यात सीएचडीके. नावात 'हॅक' असले तरी त्यात चोरी-लबाडी काही नाही, आणि कंपनीशीही तिचा संबंध नाही. ही प्रणाली कॅमेऱ्यात कायमची बसत नाही. ती मेमरी कार्डावर ठेवायची आणि कार्डाच्या कडेची छोटी कळ लॉकच्या बाजूला सरकवायची. कॅमेरा सुरू होताना ती आपोआप चालू होते. कार्ड काढले की कॅमेरा जसा होता तसा.

एक खबरदारी मात्र महत्त्वाची. प्रत्येक मॉडेलची, आणि एकाच मॉडेलमध्येही कॅमेऱ्याच्या आतील सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीची, फाइल वेगळी असते. आपल्या कॅमेऱ्याची आवृत्ती कोणती हे आधी पाहून तीच फाइल घ्यायची.

कॅमेऱ्याला दिलेली चिठ्ठी

आता 'स्क्रिप्ट' म्हणजे काय? मुलाने मला समजावले ते असे. "तू मला दुकानात पाठवतेस तेव्हा चिठ्ठी देतेस ना? आधी तेल घे, मग साखर. साखर नसेल तर गूळ. पैसे संपले तर परत ये. स्क्रिप्ट म्हणजे कॅमेऱ्याला दिलेली तशीच चिठ्ठी."

ही चिठ्ठी दोन भाषांत लिहिता येते. एक बेसिकचा सोपा प्रकार, दुसरी लुआ. लुआ ही भाषा 1993 मध्ये ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात तयार झाली आणि पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. हे कळल्यावर मुलाने दुसऱ्या भाषेकडे पाहिलेच नाही. त्याची चिठ्ठी आपल्या भाषेत मांडली तर अशी:

1. फोकस दूरवर, म्हणजे अनंतावर, पक्का कर.
2. शटर 15 सेकंद ठेव. प्रकाशाची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, 400 ठेव.
3. काळा फोटो काढायची सवय बंद कर.
4. पडदा विझव, म्हणजे सेल वाचतील.
5. एक मिनिट थांब. मला जिना उतरू दे.
6. फोटो काढ. कार्डावर लिहून झाला की लगेच पुढचा काढ.
7. सेल उतरले किंवा कार्ड भरत आले तर थांब. नाहीतर सहावे काम पुन्हा कर.

एका फोटोला 15 सेकंद आणि तो लिहायला साधारण 3 सेकंद, असे 18 सेकंद धरले तर तासाला 200 फोटो होतात. फोटोचा आकार लहान ठेवला, म्हणून 2 जीबीच्या जुन्या कार्डावर चार तासांचे काम मावले.

15 सेकंदच का, तर पृथ्वी फिरते म्हणून. ती तासाला 15 अंश, म्हणजे दर चार मिनिटांना एक अंश फिरते. शटर फार वेळ उघडे ठेवले तर ताऱ्याचा ठिपका ओढला जाऊन त्याची रेघ होते. छायाचित्रकारांचा एक ढोबळ नियम आहे. 500 ला लेन्सच्या फोकल लांबीने भागायचे, येईल तेवढे सेकंद शटर उघडे ठेवायचे. लहान कॅमेऱ्यासाठी ही लांबी मोठ्या फिल्म-कॅमेऱ्याच्या हिशेबात धरतात. आमच्या कॅमेऱ्याची ती 35 मिलिमीटर. 500 भागिले 35 म्हणजे साधारण 14. कॅमेऱ्याची 15 सेकंदांची मर्यादा, जिच्यावर मुलगा आधी चिडला होता, ती इथे अडचण राहिलीच नाही.

पहिल्या चार रात्री

पहिल्या चार रात्री फुकट गेल्या. हे मुद्दाम सांगते, कारण यशाचे फोटो पाहून आपली मुले समजतात की हे सगळे एका फटक्यात जमते.

पहिल्या रात्री कॅमेऱ्याने थांबलेच नाही. लुआमध्ये वेळ सेकंदांत नाही, सेकंदाच्या हजाराव्या भागात सांगावा लागतो. मुलाने 60 लिहिले, लिहायला हवे होते 60,000. कॅमेऱ्याने ताबडतोब काम सुरू केले आणि पहिल्या फोटोत जिना उतरणारा मुलगा आणि त्याच्या टॉर्चचा पिवळा पट्टा आला.

दुसऱ्या रात्री फोकस चुकला. अंधारात कॅमेऱ्याला फोकस धरायला काही सापडत नाही. तारे बुंदीच्या दाण्यांसारखे फुगलेले दिसले. तिसऱ्या रात्री पडदा विझवायची ओळ राहिली आणि दीड तासात सेल उतरले.

चौथ्या रात्री सगळे बरोबर होते, पण साडेअकरानंतरचे सगळे फोटो धुरकट. कोकणात थंडीच्या रात्री दव किती पडते हे आपल्याला कपडे वाळत घालताना माहीत असते, कॅमेऱ्याच्या बाबतीत विसरायला होते. काच थंड झाली की तिच्यावर बारीक पाणी धरते. यावर उपाय मी सुचवला, याचा मला अजून अभिमान आहे. स्वयंपाकघरातला छोटा टेबलफॅन कॅमेऱ्याजवळ मंद लावून ठेवला. हलत्या हवेत दव धरत नाही. ट्रायपॉड नव्हताच. जुन्या उशीच्या अभ्र्यात वाळू भरून ती पिशवी स्टुलावर ठेवली आणि तिच्यात कॅमेरा रुतवून बसवला.

मग आली ती सहाशे बारा फोटोंची रात्र.

दादीचा कुतुबतारा

त्या रात्री कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेला होते. सकाळी मुलाने सगळे फोटो लॅपटॉपवर घेतले आणि एका मोफत सॉफ्टवेअरने एकमेकांवर बसवले. हे सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याच्या जागी सगळ्या फोटोंतला सर्वांत उजळ ठिपका ठेवते. त्यामुळे एका फोटोतला तारा पुढच्या फोटोतल्या त्याच ताऱ्याला जोडला जातो आणि त्याची वाट तयार होते. तीन तासांत प्रत्येक ताऱ्याने 45 अंशांची कमान काढली होती. शेकडो कमानी, सगळ्यांचा मध्य एकच. आणि मध्याजवळ एक तारा जवळजवळ जागच्या जागी.

"हा ध्रुवतारा," मुलगा म्हणाला.

"कुतुबतारा," त्याची दादी म्हणाली. ऐंशीच्या पुढे वय, डोळ्यांना फारसे दिसत नाही, पण लॅपटॉपवरच्या कमानी दिसल्या. "माझे वडील गलबतावर होते. ते म्हणायचे, कुतुब किती वर आहे ते बघितले की आपण कुठे आहोत ते कळते."

हे अगदी खरे आहे. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितके त्या गावाचे अक्षांश. बोर्ली पंचतनला तो 18 अंशांवर. हात सरळ पुढे धरून मूठ वळली तर तिची रुंदी सुमारे 10 अंश होते, म्हणजे आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठींना थोडा कमी. अरबी समुद्रातले खलाशी याच कामासाठी 'कमाल' नावाचे साधन वापरत. लाकडाची एक छोटी चौकोनी पाटी आणि तिच्या मधून ओवलेली गाठींची दोरी. दोरी दातांत धरायची, पाटीची खालची कड क्षितिजावर आणि वरची कड ताऱ्यावर येईल इतकी ती दूर धरायची, आणि कितव्या गाठीवर जमले ते पाहायचे. बंदरांच्या गाठी ठरलेल्या असत. उंची ते 'इस्बा'त, म्हणजे बोटांत, मोजत. फारसीतला नाखुदा आपल्या किनाऱ्यावर नाखवा झाला, तो हीच विद्या जाणणारा माणूस.

मुलाने लगेच कुवेतला फोन लावला. "अब्बा, तिथे ध्रुवतारा किती मुठी वर दिसतो?" कुवेत 29 अंशांवर आहे. यांनी इमारतीच्या गच्चीवर जाऊन मोजले. "तीन मुठींना जरासा कमी." मुलगा एवढा खूश झाला की जणू परीक्षेचा पेपर फुटला. मी मात्र वेगळ्याच गोष्टीने गप्प झाले. सोळा वर्षांत या दोघांचे फोनवर इतके लांब बोलणे मी पहिल्यांदा ऐकत होते. एरवी "अभ्यास कसा चाललाय", "बरा चाललाय", एवढ्यावर फोन माझ्याकडे येत असे.

तो डाग दवाचा नव्हता

दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा वायव्येला लावला. सकाळी फोटो पाहताना मुलाला एक धुरकट डाग दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा, लांबट. "पुन्हा दव," तो वैतागला. पण पुढचा फोटो पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला आणि थांबला. काचेवरचा डाग असता तर प्रत्येक फोटोत त्याच जागी राहिला असता. हा डाग ताऱ्यांबरोबर खाली सरकत होता.

शर्मिष्ठा नक्षत्राच्या पाच ताऱ्यांच्या आकृतीवरून त्याने जागा ताडून पाहिली. तो देवयानी नक्षत्रातला तारकामेघ होता, म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची एक संपूर्ण आकाशगंगा. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे 25 लाख वर्षे लागतात. सोळा वर्षांपूर्वीच्या, दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात तो उजेड उतरला होता.

या डागाची पहिली लेखी नोंद इराणमधल्या खगोलशास्त्रज्ञ अब्दुर्रहमान अस-सूफी यांच्या ग्रंथात आहे. इ.स. 964 च्या सुमारास अरबीत लिहिलेल्या 'स्थिर ताऱ्यांच्या ग्रंथा'त त्यांनी त्याला लहानसा ढग म्हटले आहे. दुर्बीण नव्हती, कॅमेरा नव्हता. होते ते डोळे, अंधार आणि रात्रीमागून रात्री पाहण्याची चिकाटी. त्याच काळात, 965 च्या सुमारास, बसऱ्यात इब्न अल-हैसम यांचा जन्म झाला. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणारा प्रकाश बाहेरच्या वस्तूचे उलटे चित्र कसे उमटवतो, याचा त्यांनी प्रयोगांनी अभ्यास केला. कॅमेऱ्याची मुळे तिथपर्यंत जातात.

ताऱ्यांची नावेही पाहा. पाश्चात्त्य नकाशातले अल्देबरान, रायजेल, अल्टेअर, डेनेब ही नावे मूळ अरबी. मराठीत ज्यांना कृत्तिका म्हणतात तो ताऱ्यांचा पुंजका अरबीत सुरय्या. या नावाच्या मुली आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, पण आकाशातली सुरय्या दाखवा म्हटले तर आपल्यापैकी कितीजणींना दाखवता येईल? मला स्वतःला त्या डिसेंबरपर्यंत येत नव्हती.

एकाच फोटोत येणारी रेघ

13 डिसेंबरची रात्र मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची. त्या वर्षी नुकतीच अमावास्या होऊन गेल्यामुळे आकाश काळेभोर होते. कॅमेरा पूर्वेकडे लावला. सकाळी पाहिले तर फोटोंत रेघाच रेघा. यातली उल्का कोणती?

इथे सलग फोटोंचा उपयोग कळतो. विमानाची रेघ ठिपक्या-ठिपक्यांची असते, कारण त्याचे दिवे उघडझाप करतात. उपग्रहाची रेघ सरळ, आणि एका फोटोत संपली की पुढच्या फोटोत तिथूनच पुढे सुरू होते. उल्का मात्र एकाच फोटोत येते, दोन्ही टोकांना निमुळती होते आणि पुढच्या फोटोत तिचा मागमूस नसतो. ही चाळणी लावल्यावर त्या रात्रीच्या उल्का उरल्या दोन.

मोठ्या वेधशाळाही आज याच पद्धतीने काम करतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत 48 इंची दुर्बिणीवर बसवलेला कॅमेरा रात्रभर आपोआप आकाशाचे फोटो काढतो. संगणक त्यातल्या संशयास्पद रेघा बाजूला काढतो आणि त्या रेघा माणसे तपासतात. 16 ऑगस्ट 2020 ला तीन ते सहा मीटर आकाराचा एक लघुग्रह पृथ्वीपासून अवघ्या 2,950 किलोमीटरवरून निघून गेला. 2020 क्यूजी असे नाव मिळालेला हा लघुग्रह ज्यांनी त्या फोटोंतून ओळखला, त्यात आयआयटी मुंबईचे दोन विद्यार्थी होते, कुणाल देशमुख आणि कृती शर्मा. पृथ्वीला न धडकता तोवर इतक्या जवळून गेलेला दुसरा कोणताही लघुग्रह नोंदलेला नव्हता. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची 70 सेंटिमीटर आरशाची एक स्वयंचलित दुर्बीण लडाखमधल्या हानले इथे आहे. ती लिहून दिलेल्या सूचनांप्रमाणे रात्रभर आकाश पाहते. आमच्या गच्चीवरची चिठ्ठी आणि तिथली चिठ्ठी यांत आकाराचा फरक फार मोठा, पण जात एकच.

ईदचा चांद दिसेल का?

हा प्रश्न मला प्रत्येकीने विचारला. उत्तर असे की चंद्रकोर टिपणे ताऱ्यांपेक्षा अवघड. पहिल्या दिवशीची कोर संध्याकाळच्या उजेडात, क्षितिजाजवळ आणि थोडाच वेळ असते. दिवेआगरच्या किनाऱ्यावर पश्चिमेला समुद्र मोकळा, पण पाण्यावरची धूसर हवा आड येते. शिवाय उजेड मिनिटागणिक कमी होतो, म्हणून शटरचा वेळही मिनिटागणिक वाढवावा लागतो. स्क्रिप्टला ते सांगता येते. कॅमेरा सूर्याकडे मात्र कधीही धरायचा नाही. सूर्य पूर्ण बुडाल्यावरच सुरुवात करायची.

चंद्र आणि सूर्य यांच्यात सुमारे सात अंशांपेक्षा कमी अंतर असेल तर डोळ्यांना कोर दिसत नाही, असे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजों यांनी मांडले होते. ते अंतर किती आहे हे आधीच गणिताने कळते. त्यामुळे कोणत्या संध्याकाळी किनाऱ्यावर जाण्यात अर्थ आहे हे मुलांना स्वतः काढता येते. चांद दिसल्याचा निर्णय हिलाल कमिटीचा. मुलांनी आपले काम पाहण्याचे आणि नोंद ठेवण्याचे समजावे.

वेळांचा आणखी एक मेळ मला आवडला. सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेला की आकाश पूर्ण काळे झाले असे खगोलशास्त्र मानते. नमाजाच्या अनेक वेळापत्रकांत इशा आणि फजरसाठी हाच 18 अंशांचा हिशेब असतो. म्हणून आमच्या कॅमेऱ्याचे वेळापत्रक सोपे आहे. इशाची नमाज झाली की लावायचा, फजरच्या आधी काढायचा.

एका दिव्याची टोपी

जानेवारीत उत्तरेकडचे फोटो अचानक बिघडले. खालचे अर्धे आकाश पांढुरके. शोधले तर गल्लीच्या टोकाला जमातच्या मैदानात नवा एलईडी दिवा बसला होता. दिवा गरजेचा होता, पण त्याचे तोंड समोर होते. अर्धा उजेड जमिनीवर, अर्धा आकाशात आणि आमच्या खिडकीत.

मुलाने भांडण केले नाही. दिव्याआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो छापून घेतले आणि जुम्याच्या नमाजीनंतर जमातच्या बुजुर्गांना दाखवले. एक चाचा बराच वेळ पहिला फोटो न्याहाळत राहिले. "आमच्या लहानपणी एवढे तारे रोज दिसायचे," ते म्हणाले. आठवड्याभरात दिव्याला पत्र्याची टोपी बसली आणि त्याचे तोंड खाली झाले. मैदानात उजेड आधीपेक्षा चांगला पडू लागला, कारण वाया जाणारा उजेड आता जमिनीवर येतो.

त्याच महिन्यात बातमी आली की महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथेही दिवे काढून टाकले नाहीत, त्यांची तोंडे जमिनीकडे वळवली. आपल्या किनाऱ्यावर पर्यटन वाढते आहे, घरे वाढत आहेत, दिवेही वाढणार. ते कुठे तोंड करून असावेत एवढे ठरवणे आपल्या हातात आहे. पाहायला अंधारच उरला नाही, तर जगातला सर्वांत महाग कॅमेराही पांढुरके आकाशच टिपेल.

तुम्हाला करून पाहायचे असेल तर

घरात जुना पॉवरशॉट असेल तर सीएचडीके करून पाहा. मोठा डीएसएलआर असेल तर ठरावीक अंतराने फोटो काढायची सोय अनेकदा त्याच्या मेनूमध्येच असते. नसेल तर संगणकाला जोडून जीफोटो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने तो चालवता येतो. काहीच नसेल तर मोबाइल आहे. 2019 च्या गुगल पिक्सेल 4 मध्ये आकाशासाठी जी खास सोय आली, ती 16 सेकंदांपर्यंतचे 15 फोटो एकत्र करते. तत्त्व तेच, थोडा-थोडा उजेड साठवणे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा चांगला काळ. चांद्रमासाचे शेवटचे आणि पहिले काही दिवस निवडा, म्हणजे चांदणे आड येणार नाही. सेल पूर्ण भरलेले घ्या. पहिली फेरी दिवसा घरातच दहा फोटोंची करून पाहा, म्हणजे चिठ्ठीतल्या चुका तिथेच कळतील. मुले किनाऱ्यावर जाणार असतील तर सोबत मोठे माणूस असू द्या आणि भरतीची वेळ पाहून जा.

आमचा खर्च झाला तो चार चांगल्या चार्जिंग सेलचा आणि दोन फोटो छापल्याचा. मोठा कॅमेरा अजून आलेला नाही. मुलगा आता बारावीच्या अभ्यासात आहे, त्यामुळे कॅमेऱ्याला सुट्टीच्या आदल्या रात्रीच परवानगी, असा आमचा करार आहे.

उल्कांच्या त्या रात्री मी त्याच्याबरोबर थोडा वेळ गच्चीवर थांबले होते. पाऊण वाजता मृगाचे तीन तारे बरोबर दक्षिणेला आले. मुलाने हिशेब केला. कुवेत आपल्यापासून 25 रेखांश पश्चिमेला, म्हणून हेच तारे तिथे याच जागी एक तास चाळीस मिनिटांनी येतील. तिथल्या घड्याळात तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटे असतील. त्याने अब्बांना निरोप पाठवला आणि झोपायला गेला.

सकाळी उत्तर आलेले होते. फोटो हललेला, अर्ध्या भागात रस्त्यावरचा दिवा, आणि वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके. खाली यांनी लिहिले होते, "आले. पाच मिनिटे कमी बारा."